न वाजवता घेतलेली शिट्टी

ट्रॉय, शनिवार संध्याकाळ

परदेशात ताईकडे पाहुणा म्हणून आलो आणि सोफ्यावर बसताना भाची मीराची आयरिश शिट्टी, म्हणजे पत्र्याची छोटी बासरीच, वाकवली. उद्या तिचा कार्यक्रम! धावत जाऊन नवी आणली. दुकानातली बाई म्हणाली, वाजवून बघा. पण मीराची वस्तू उष्टी कशी करणार? लहानपणी उच्छिष्टाचे नियम पाठ केले, सुरांचे नाहीत. आता बेसूर निघाली तर? दुकान सोमवारपर्यंत बंद.

“वाजवून तरी आणायचीस, शास्त्रीबुवा!” ताई.

मीराने फुंकली. थांबली.

“मामा, धिस वन इज बेटर!” म्हणत तिने तीच शिट्टी, न पुसता, माझ्यापुढे धरली. “नाऊ यू.”

उच्छिष्टाचा नियम आठवला, तरी फुंकली. बेसूर निघालो तो मीच.