सतरंजी माझ्याकडे आली

उंद्री, गुरुवार, २१ नोव्हेंबर १९६३

"जिच्या घरी सतरंजी, तिच्या घरी पुढचा गुरुवार. याच्यात लहानमोठं कोनी नाही." महिला मंडळ सुरू झालं त्या दिवशी मंडळाच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या होत्या. मला किती आवडलं होतं ते! याच वहीत उतरवून ठेवलं होतं.

आज सतरंजी कमळाबाईंकडे जायची होती. त्या शाळेत शिकवतात, बौद्धवाड्यात राहतात. दर गुरुवारी पेपर आणि गावच्या बातम्या त्याच वाचतात, आम्ही सगळ्या ऐकतो. पण त्यांच्या घरी जाऊन ऐकायची वेळ आली, तर काकूंनी सतरंजी गुंडाळून माझ्यापुढे धरली.

"कमळाबाईचं घर लहान हाय. मावनार नाही तिथं. तुमीच न्या."

"मोजून पाह्यलं काय, काकू?" कमळाबाई म्हणाल्या. "एक डाव तरी आल्या काय घरी?"

कोणी हसलं नाही. काकूंचं तोंड पाहू नये असं वाटलं, अजून वाटतं. पण मी काय केलं? सतरंजी घेतली. जड होती, म्हणून दोन्ही हातांनी घेतली! 'नको' एवढं म्हणता आलं नाही?

आता ती कोपऱ्यात उभी आहे. तिच्यावर मला बसवणार नाही.

उद्या शाळा सुटल्यावर ती घेऊन कमळाबाईंच्या दारात जाईन. त्या नाही म्हणतील, आणि त्यांनी म्हणावंच. तरी विचारीन, बाई, पाळी तुमची आहे, ही ठेवून घ्या. गुरुवारी मी एकटीच आले, तरी बातम्या वाचाल का?