बोटीवाली राणी आणि आयेचा फणस

चि. काशीस,

आंबेनळी घाटाच्या पायथ्याला राहून माणसाची आठवण पातळ होते म्हणतात, तेव्हा आधी ओळख सांगते. मी बयाबाई, तुझी सख्खी थोरली बहीण. तुझ्या डोक्यातल्या उवा मारण्यात जिचं अर्धं लहानपण गेलं, ती. संक्रांतीला साऱ्या गोतात तीळगूळ पाठवलास, माझी बिरवाडीच तेवढी विसरलीस, म्हणून खुणा देते. तुझे गुडघे कसे हायत? (माझे गेले. विचारलं नायस, तरी कळवते.) आशीर्वाद हायच. मी सांगतेय, नातसून प्रियदर्शिनी लिहितेय आणि मधेच हसतेय. अक्षर हललं तर दोष तिचा.

तू का रुसलीस ते मला ठाऊक हाय. आयेनं तुझ्या परसात आठळी पुरून वाढवलेला फणस आषाढात कोसळला. साऱ्या वाडीनं त्याचे गरे खाल्लेले, म्हणून सारी वाडी माणूस गेल्यासारखी समाचाराला आली. सहदेव गुरव तर टोपी काढून उभा राहिला म्हणे. मी तेवढी आले नाय. मग तू बोललीस, "बया दगड हाय." ते एसटीच्या आधी इथं पोचलं.

आता ऐक. गेल्या रविवारी नातू हर्षदनं सिनेमाची सीडी आणली. कुठल्याशा थंड मुलखातली राणी, हिंदीतून बोलणारी. तिच्या राज्यात जत्रेला निघालेली बोट बुडते, माणसं जातात, आणि ही वाड्याबाहेर येत नाय. लोक फाटकाशी फुलं ठेवतात, शिव्याही ठेवतात. नवरा म्हणतो बाहेर जा, दिवाण म्हणतो चार शब्द बोल. ती आपली गप्प अंडं सोलते. मीही म्हटलं, मेली दगडच. मग न्हाणीघरात जाते, नळ मोठा सोडते आणि अशी रडते गो, की माझी सुपारी तोंडातच राहिली. आम्ही आत होतो म्हणून दिसलं. फाटकाबाहेरच्यांना कोण दाखवणार?

शेवटी पेट्यांची रांग निघाली. चाळीस मोजल्या. एवढी प्रेतं घरातून गेल्यावर तशीच बसू का? मी सुनेला चूल विझवायला लावली (गॅस हाय, पण रीत ती रीत), अंगणात लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं आणि सगळ्यांना घ्यायला लावलं. हर्षद कुरकुरला, "आजी, ती नाटकी माणसं. संध्याकाळी घरी जाऊन जेवली असतील." म्हटलं, तू आधी भीज, मग शिकव.

भरदुपारी आख्खं घर ओलं बघून गल्लीनं जे समजायचं ते समजलं. अर्ध्या तासात शेजारची जानू पिठलं-भात घेऊन हजर. दुखाच्या घरी चूल पेटत नाय, बिचारीनं बरोबरच केलं. मागून बाया पदर तोंडाला लावून. भाडेकरू कारखान्यातून आले ते दारातच चपला काढून उभे. "कोण गेलं, आजी?"

राणीची बोट सांगितली असती तर गावात तोंड काढता आलं नसतं. पिठलं परत करणंही बरं नाय. तोंडातून निघालं, "आमचा फणस." आणि काशे, पुढं मला थांबताच येईना. आयेचा मातीनं भरलेला हात डोळ्यांपुढून हलेना. बाया आधी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग भिकाजीच्या म्हातारीला तिची चिंच आठवली, तीही लागली. तासभर आम्ही मजेत रडलो. पिठलं उत्तम होतं, दोनदा घेतलं.

तर आषाढात मी कुठं होते ते आता सांगते. सव गावच्या गरम झऱ्यावर. गुडघ्यांचं निमित्त करून चार दिवस बसले होते. तिथं सगळ्यांचीच तोंडं ओली असतात, कोण कुणाला विचारत नाय.

तुझी,
बयाबाई (शेजारी अंगठा हाय, तो माझाच)

ता. क. प्रियदर्शिनी म्हणते, शेवटी माफी मागायची असते. तिनं मागावी खुशाल, अक्षर तिचंच हाय.

आणखी ता. क. त्या फणसाची शेवटची फणसपोळी तुझ्या फडताळात, पत्र्याच्या डब्यात हाय. (कुणी सांगितलं ते विचारू नको, तुझी सून गुणाची हाय.) तीळगूळ पाठव, शिळा चालेल. फणसपोळी मात्र अर्धीच पाठव. उरलेली अर्धी तशीच ठेव. ती मी होळीला येऊन त्याच्या खुंटावर बसून खाईन.