ओबिरी कप्तानाचं जहाज

२ सप्टेंबर, शुक्रवार

मुलाचा खेळ फुकट आहे, असं त्याच्याबरोबर काम करणारी सेलोर्म म्हणाली होती. फुकट! मांडून बघतो. जुन्या फोनवर चालेना म्हणून नवा फोन. डेटा तीनदा भरला. चष्मा वरच्या नंबरचा. गॅरेजात पाच दिवस लक्ष नाही, तेवढ्यात कारागिरांनी एका टोयोटाच्या हेडचे बोल्ट ढिले ठेवले आणि गॅस्केट उडाली. आणि एकसष्टाव्या वर्षी भाच्याला विचारावं लागलं — इथे दाबायचं की तिथे? हीच किंमत सगळ्यात जड.

सारपोंग म्हणाला, "मामा, आकाशात जहाज चालवताय की रताळं सोलताय? अंगठा हलका ठेवा!"

बाफूर जाऊन अकरा महिने झाले. माझा एकुलता एक मुलगा सात वर्षं राजधानीत, अक्रात बसून हा खेळ लिहीत होता आणि मी तो एकदाही उघडला नव्हता. "काय काम करतोस?" — "एका जगाचा इतिहास लिहितो, पापा." — "नसलेल्या जगाचा?" — "हो." — "मग पगार कोण देतं, नसलेला मालक?" गॅरेजातले सगळे हसले होते. तोही हसला होता.

४ सप्टेंबर

चर्चहून आलो. कळलं तेवढं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या विसरेन.

एक सूर्य विझला. लोक सात जहाजांत बसून निघाले. मोठ्या जहाजाचा कप्तान ओबिरी. खेळणारा माणूस हजार वर्षांनी तिथे येतो — जहाज रिकामं, सगळे मेलेले. काय झालं ते कुणी सांगत नाही. तुकडे सापडतात. पाण्याच्या डब्यावरचं लेबल, अर्धं पत्र, कोटाचं बटण, तुटकं रेकॉर्डिंग. ते जुळवायचे. जगभरचे लोक हेच करत बसलेत! चाळीस हजार माणसं, सेलोर्म सांगते. इंटरनेटवर एका बटणावर तीन तीन पानं वाद.

मला हे समजतं. माझ्याकडे गाडी येते तेव्हा काय झालं ते गाडीही सांगत नाही आणि ड्रायव्हर तर मुळीच नाही. तो म्हणतो, "मास्टर, मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडली." काजळी बघायची, तेलाचा वास घ्यायचा, कान लावायचा. चौदा वर्षांचा होतो, एक पाना घेऊन कुमासीच्या सुआमेत, या गॅरेजांच्या वस्तीत आलो. कुणाचा हात धरून आलो नाही, गॅरेज उभं करताना कुणाकडून काही घेतलं नाही. आज रस्त्यापलीकडून सांगतो कुठला टॅपेट वाजतोय. उगाच नाही लोक ‘डॉक्टर कान’ म्हणत.

९ सप्टेंबर

आज काही नाही. पाऊस, वीज नाही.

१२ सप्टेंबर

सेलोर्मचा फोन. व्होल्टाकडची, एवे जमातीची. बोलते मऊ पण सोडत नाही.

खेळाचा शेवटचा भाग राहिलाय. बाफूर शेवट न लिहिता गेला. त्याची आणखी एखादी वही तुमच्याकडे आहे का, म्हणते. मी सांगितलं — वही माझ्याकडे कशी असेल? त्याच्या सगळ्या वस्तू मामपोंगला गेल्या, त्याच्या आईच्या माणसांकडे. त्याला पुरलं तेही तिथेच. रीत आहे. मूल आईच्या कुळाचं, मेल्यावरही. मुलाच्या अंत्यविधीला मी पाहुण्यांच्या बाजूला बसलो होतो, देणगी दिली, पावती घेतली. ती पावती पाकिटातून काढवत नाही.

सेलोर्म म्हणाली, "पापा, मामपोंगच्या लोकांनी दिली ती वही बघितली. त्यात हिशेब आणि चित्रं आहेत, शेवट नाही. मग मीच लिहिलाय."

"काय लिहिलंयस?"

"लोकांना हवाय तोच. ओबिरीला जहाजाबाहेर फेकतात."

"का? काय केलं त्यानं?"

"पापा! खेळ खेळताय ना? स्वतःच्या मुलाला हाकललं आणि जहाज परक्याला दिलं."

१४ सप्टेंबर

रेकॉर्डिंग क्रमांक नऊ सापडलं. ओबिरी कप्तानाचा आवाज.

आवाज बाफूरचा आहे. तोच बोललाय, जाड आवाज काढून. पहिल्यांदा फक्त तेच ऐकलं — त्याचा आवाज — आणि फोन पालथा ठेवला.

जेवून पुन्हा लावलं. या वेळी शब्द ऐकले. कप्तान यंत्रावर हात ठेवून म्हणतो, "माणूस खोटं बोलेल, इंजिन बोलणार नाही." आणि मग जीभ टाळ्याला लावून टक्.

हे वाक्य माझं आहे. ती टक् पण माझी.

१५ सप्टेंबर

म्हणजे चाळीस हजार माणसं ज्याला शिव्या घालतात, तो मी!

ते काय काय लिहितात ते आज वाचलं. ‘हरामखोर म्हातारा.’ ब्राझीलमधल्या एकानं ओबिरीचं चित्र काढलंय, दात लांडग्याचे. कोरियातली एक बाई लिहिते, अशा बापाच्या पोटी यायच्या ऐवजी अनाथ बरं.

ताट तसंच ठेवून पुढचं वाचत बसलो.

१९ सप्टेंबर

त्यांचा मुख्य पुरावा असा. प्रत्येकाच्या कोटावर एका प्राण्याचं चिन्ह आहे. ओबिरीच्या कोटावर कावळा. जहाज ज्याला मिळालं त्या अन्साच्या कोटावरही कावळा. आणि मुलगा बेडियाको — त्याच्या कोटावर बिबट्या. यावरून शहाण्यांनी ठरवलंय की बेडियाको त्याचा खरा मुलगाच नव्हता, बायकोनं कुठून तरी आणलेला. ओबिरीला कळलं, त्यानं हाकललं. आणि अन्सा हे त्याचं चोरून झालेलं पोर!

वाचून इतका हसलो की सारपोंग आत आला. "मामा, बरं वाटतंय ना?"

म्हटलं, "बस. सांग, तुझं कुळ कुठलं?"

"असोना. कावळा. तुमचंच की."

"आणि बाफूरचं?"

"ब्रेटुओ. बिबट्या, मामीचं. का?"

"बापाचं आणि मुलाचं चिन्ह कधी एक असतं का रे?"

"वेड लागलंय का? बाप आपल्याच कुळात लग्न करेल तर असेल. शी!"

चार वर्षं चाळीस हजार माणसं अडलीत त्याचं उत्तर शेंगदाण्याचं सूप खात माझ्या भाच्यानं दिलं. चिन्हं वेगळी म्हणूनच तो सख्खा मुलगा. आणि अन्सा म्हणजे बहिणीचा मुलगा, दुसरा कोण? कुळाचं आसन भाच्याकडेच जातं! एवढी साधी गोष्ट. बाफूरनं ती कुठेच लिहिली नाही, कारण आपल्याला ती लिहावी लागत नाही.

२० सप्टेंबर

सेलोर्मला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यात बापाचं मुलाकडे जातं. मीही त्यांच्यासारखीच फसले. चार वर्षं त्याच्या शेजारी बसून!"

"त्यानं सांगितलं नाही?"

"मी विचारलं होतं. म्हणाला, ज्याला कळायचं त्याला कळेल."

ज्याला कळायचं त्याला. माझ्याबद्दल तर म्हणाला नसेल?

२३ सप्टेंबर

खरं तेच लिहावं, इथे कोण वाचतंय. आठ वर्षांपूर्वी माझ्या छातीत कळ आली. बरा झालो तसा कुळाच्या मोठ्यांना बोलावलं, त्यांच्यासमोर रीतीप्रमाणे पूर्वजांसाठी जमिनीवर दारू ओतली आणि गॅरेज सारपोंगच्या नावे केलं. बाफूर दारात उभा होता, हाताला ग्रीस. बारा वर्षांचा होता तेव्हापासून शनिवारी यायचा. कान माझ्यासारखा नव्हता, हात चांगला होता. हात पुसत बाहेर गेला. त्याच वर्षी अक्राला गेला. मी समजलो, शहराची ओढ.

त्याला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा तो कुणाला ओळखत नव्हता. त्यामुळे विचारायचं राहिलं. मला एवढंच कळायला हवंय — मनात राग ठेवून गेला का. माणूस नाही सांगत तर तुकडे सांगतील. म्हणून हा खटाटोप. गंमत म्हणून नाही.

२७ सप्टेंबर

सेलोर्म शेवट बदलायला तयार! "पापा, तुम्ही सांगता तसं. ओबिरी निर्दोष. त्यानं रीत पाळली. बेडियाको परत येतो, त्याला ते समजतं, बापाच्या पायाशी बसतो."

"समजतं ना त्याला?"

"तुम्ही म्हणताय ना, समजलं असणार."

हो. म्हटलं, हो.

१ ऑक्टोबर

तिनं माझं म्हणणं त्या लोकांपुढे ठेवलं. ‘कुमासीतले एक मोठे मेकॅनिक’ म्हणून! दोन दिवसांत सगळं उलटं. ब्राझीलवाल्यानं माफी मागितली, नवीन चित्र काढलं — ओबिरीला आता दाढी आहे आणि चेहरा संतासारखा. सारपोंगनं ते छापून स्पेअर पार्टच्या कपाटावर चिकटवलं.

"मामा, तुमच्यापेक्षा देखणा आहे."

"मी तरुणपणी असाच होतो."

"मामी तसं म्हणत नाहीत!"

गेल्या वर्षापासून गॅरेजात एवढं हसणं झालं नव्हतं.

५ ऑक्टोबर

शनिवारी बाफूरचं वर्ष. मामपोंगला जायचं. कपडे शिवून आले.

८ ऑक्टोबर, शनिवार

मामपोंग. लिहिताना हात थकलाय पण लिहितो.

माणसं भरपूर. सेलोर्म अक्राहून आली, काळे कपडे, पाहुण्यांच्या रांगेत माझ्या शेजारी. दुपारी मला बोलायला सांगितलं. मी बोललो. खूपच बोललो. सांगितलं की माझ्या मुलानं आकाश लिहिलं, जगानं ते वाचलं आणि जगाला ते कळलं नाही. चाळीस हजार शिकलेली माणसं! शेवटी सहावीत शाळा सोडलेल्या एका मेकॅनिकनं ते उलगडलं. म्हटलं, त्या जगातही आपलीच रीत चालते. बाप मुलाला जहाज देत नाही ते रागानं नव्हे, जहाज त्याचं एकट्याचं नसतं म्हणून. माझ्या मुलाला हे ठाऊक होतं. तो मनात काही न ठेवता गेला.

टाळ्या. म्हातारे मान डोलवत होते. बाफूरचा मामा येऊन हात हातात घेऊन गेला.

बिरागो — माझी बायको, बाफूरची आई — तो गेल्यापासून इथेच राहते, आपल्या माणसांत. निघताना ती मागे परसात भांडी विसळत होती. मी उभा राहिलो. ती वर न बघता म्हणाली, "चांगलं बोललास."

"हं."

"एक सांग. ते जहाज कुळाचं होतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आजोबाकडून आलेलं, कुळाच्या जमिनीतून, कुळाच्या पैशातून? की त्यानं स्वतः केलेलं?"

"ते कुठे लिहिलं नाही."

"बघ मग," ती म्हणाली. "तू कान लावून बघतोस ना." आणि भांडं पालथं घातलं.

९ ऑक्टोबर

चर्चला गेलो नाही.

रेकॉर्डिंग एकेचाळीस. इंजिनखोलीतलं. सगळे म्हणतात त्यात काही नाही, नुसती घरघर. मीही दोनदा ऐकून सोडलं होतं, कारण घरघर खोटी आहे, कुठल्याच इंजिनाची नाही, आणि मला तिचा राग यायचा. आज सारपोंगकडून कानांवर घालायचे मोठे हेडफोन आणले. गॅरेज बंद, रस्ता शांत. घरघर बाजूला सारून तिच्याखालचं ऐकायचं — हे मी आयुष्यभर केलंय.

खाली दोन आवाज आहेत. दोन्ही बाफूरचेच. एक जाड, एक त्याचा.

"पापा, हे जहाज कुणाचं?"

"माझं! पत्रा न् पत्रा मी ठोकलाय. कुळाचा एक खिळा नाही यात. विचार कुणालाही!"

"मग ते कुणालाही देता येतं ना? जिवंतपणी, चार माणसांसमोर, दारू ओतून?"

"येतं की. का?"

मग बराच वेळ नुसती घरघर. मग त्याचा आवाज, हळू — "काही नाही. सहज विचारलं."

अकरा वेळा ऐकलं. जाड आवाज कुठेही चिडलेला नाही. मुलाकडे बघत पण नाही, असं वाटतं. कामात आहे.

१० ऑक्टोबर

सेलोर्मला फोन केला. म्हटलं, माझं चुकलं, तुझा पहिलाच शेवट ठेव. ती म्हणाली, "पापा, पण रीत?"

म्हटलं, रीत कुळाच्या वस्तूला; इथे ती आडवी येत नव्हती. जहाज त्यानं स्वतः बांधलं होतं.