पट्टीवरची एकच रेष

१२ जुलै, शुक्रवार

आजही एकच रेष! तिसऱ्यांदा.

एक रेष म्हणजे पोटात काही नाही. आशा वर्कर म्हणून अकरा वर्षांत जऊळक्यातल्या किती बायांना मी हे समजावून सांगितलं असेल. आशाताई म्हणते म्हणजे खरंच, असं बाया मानतात. आणि आशाताई स्वतः मोरीच्या दारात उभी राहून पट्टी उजेडाला धरते — दुसरी रेष पुसट तरी दिसते का म्हणून. पट्टी स्वतःच्या पोरीची!

पौर्णिमा बाहेर उभी होती. म्हणाली, "झालं तुह्यं समाधान?"

नाही झालं. दोन महिने पाळी नाही. पोट वर आलंय, सलवारची नाडी बेंबीच्या वर बांधते. पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला जायची, तेही बंद. एकोणीस वर्षांची पोर, दुसरं काय असणार? किटच जुन्या असतील. उकाड्यात खराब होतात.

तिन्ही किट रजिस्टरमध्ये गावातल्या रत्नमालाच्या नावावर टाकल्या. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. तिच्या नावावर खपून जातात. लिहिताना हात जरा अडला, पण लिहिलं.

१५ जुलै, सोमवार

फोन काढून घेतला. सोबत धावणाऱ्या पोरांची नावं, गावं, सगळं विचारलं. ती आधी चिडली, मग रडली. शेवटी एवढंच — "माह्या उजव्या बाजूले दुखते, आई. मेपासून सांगून राह्यली मी तुले."

नाटकं बंद कर म्हटलं. आणि हात उचलला. दहावीनंतर कधी मारलं नव्हतं तिला.

तिच्या बाबांना यातलं काही ठाऊक नाही. एसटीवर ड्रायव्हर, चार दिवस घरात नसतात. नाही तेच बरं.

१८ जुलै, गुरुवार

अनसिंगला जाऊन आले. रामीबाईकडे.

तिच्याकडे पोट पाडायला जाऊ नका, जीव जाईल — हे मी दारोदार सांगते. तोंडाला पदर लावून गेले. तिने ओळखलंच. हसली. कोणासाठी, हे विचारलं नाही.

तिने दिलेली पुडी घरी आणून वरच्या फळीवर तिळाच्या डब्यात ठेवली. तिथे कोणाचा हात जात नाही.

२१ जुलै, रविवार

आषाढी पौर्णिमा. बुद्धविहारात वर्षावासाचं, पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं वाचन सुरू झालं. सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत. पौर्णिमाला मी साडी नेसू दिली नाही, सैल ड्रेस आणि दुहेरी ओढणी. मागे भिंतीला टेकून बसवलं. डोळे मिटून बसली होती. सगळ्यांना वाटलं, पोरगी किती मन लावून ऐकते. दुखत असणार!

परत येताना सासूबाई म्हणाल्या, पोरगी अंगानं भरून राह्यली, आता स्थळं पाह्यले पाहिजे.

उद्या द्यायची पुडी. किती दिवस थांबणार?

२३ जुलै, मंगळवार

नाही दिली. द्यायची वेळच आली नाही.

काल सकाळी तिचे बाबा ड्युटीवरून आले. पौर्णिमा ओट्याला धरून वाकून उभी होती, चहा उतू चाललेला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, विचारलं, आणि पिशवी न ठेवता तिला घेऊन निघाले. वाशीमला. मी मागे धावले. त्यांच्या मनात पोरीबद्दल कसलाच संशय नव्हता, म्हणून त्यांनी पोरीला सरळ दवाखान्यात नेलं. मी काय मुहूर्त बघत होते?

सोनोग्राफी. उजव्या अंडाशयाला गाठ. सोळा सेंटिमीटर. डॉक्टरांनी हाताने दाखवलं — मोठ्या नारळाएवढी.

एवढी होईपर्यंत काय करत होता, त्यांनी विचारलं. कधीपासून दुखतंय? पौर्णिमाच बोलली. "पंधरा दिवस झाले. मी घरी सांगतलंच नाही."

मग डॉक्टर तिला रागावले. आई आशा आणि तू लपवून ठेवतेस? तिचे बाबाही रागावले. तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

आणि मी गप्प! तोंडाला कोणी टाका घातला होता?

२७ जुलै, शनिवार

रक्ताचा रिपोर्ट आला. कॅन्सरची शंका बघायची जी तपासणी असते, तिचा आकडा थोडा वाढलेला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून काही ठरत नाही. साध्या गाठीतही वाढतो. पण साधीच आहे असं लिहून देता येणार नाही. अकोल्याला दाखवा.

सासूबाईंचं म्हणणं, पोट उघडलेल्या पोरीला कोण करणार? शिरपूरचा कोणी वैद्य सांगतात, पाल्यानं गाठी विरघळवतो. मी जोरात नाही म्हटलं. आता बरा आवाज फुटला माझा!

३० जुलै, मंगळवार

सकाळच्या गाडीने अकोला. तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, ऑपरेशनच. अंडाशय वाचवायचा प्रयत्न करू, पण पोट उघडल्यावरच कळेल. डावीकडेही पसरलं असेल तर दोन्ही जातील. सहीचा कागद पौर्णिमापुढे ठेवला. सगळा वाचला तिने. मग विचारलं, यानंतर धावता येईल का? तीन महिन्यांनी, बाई म्हणाल्या. तिने सही केली.

मी मागे थांबले. बाईंना आडून विचारलं, एखाद्या आईनं दोन महिने उशीर केला तर? त्या फाईल लिहितच बोलल्या. कॅन्सर निघाला तर दोन महिने फार होतात. साधी निघाली तरी गाठ वाढते, अंडाशय वाचवायला जागा राहत नाही.

मे, जून, जुलै. दोन महिन्यांच्याही वर गेलं हे.

३ ऑगस्ट, शनिवार

आशांच्या मासिक सभेत नर्सबाईंनी रत्नमालाचं विचारलं — तीन किट झाल्या, काही गोड बातमी? नाही म्हटलं. येताना ती रस्त्यात भेटली. नर्सबाईंनी तिलाही विचारलं होतं. "ताई, मी कवा तपासलं व?" म्हणाली. चुकून तुझं नाव पडलं, असं सांगून सटकले. डोळे भरले होते तिचे. माझ्यामुळे किती जणींना रडायचं आहे अजून?

८ ऑगस्ट, गुरुवार

झालं. अडीच तास.

उजवं अंडाशय गेलं. गाठीच्या भाराने पीळ पडून काळं झालेलं. आधी आणली असती तर वाचलं असतं — बाईंनी हे सगळ्यांसमोर सांगितलं, आणि तिचे बाबा म्हणाले, पोरगी बोललीच नाही हो. डावं चांगलं आहे. गाठ तपासायला पाठवली.

९ ऑगस्ट

तिचे केस विंचरले. नको म्हणाली नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

रिपोर्ट नाही. तिच्या बाबांना सगळं सांगून टाकायचं ठरवलं. पौर्णिमाला म्हटलं तसं. ती म्हणाली, "नको सांगू. ते तुह्याशी बोलणंच सोडतीन." माझी काळजी तिला! मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

१६ ऑगस्ट

रिपोर्ट नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

साधी गाठ! कॅन्सर नाही!

टाकेही निघाले. तिच्या बाबांनी अकोला स्टेशनवर पेढे घेतले, गाडीत शेजारच्या अनोळखी माणसांनाही वाटले. मलाही दिला. तोंडात घोळत राहिला, गिळवेना.

२० ऑगस्ट, मंगळवार

दुपारी घरात दोघीच होतो. पौर्णिमा खाटेवर पडून होती. छताकडे बघत म्हणाली, "आई, पट्टीवर दोन रेषा आल्या असत्या तं तू मले दवाखान्यात नेलं असतं का?"

हो म्हटलं. लगेच म्हटलं. नेलंच असतं, काहून नसतं नेलं?

तेव्हा मला पुडी आठवली. एवढ्या धावपळीत साफ विसरले होते! पाणी आणते म्हणून आत गेले, स्टुलावर चढले, तिळाचा डबा काढला. तळापर्यंत हात घातला. नुसते तीळ.

खाटेवरून तिचा आवाज आला. "ते मी तवाच फेकलं. बाबा मले वाशीमले घेऊन गेले, त्याच्या आदल्या दिवशी."

म्हणजे डॉक्टरांसमोर माझ्यासाठी खोटं बोलली, तेव्हा तिला सगळं माहीत होतं.