कोळशाचं पिंप

३ फेब्रुवारी
पुन्हा नाही म्हणाले! कातडी धुतलेलं पाणी आमच्या शेडमागच्या हौदात साठतं, तिथून सडका वास अख्ख्या कारखान्यात. मी सुपरवायझर साहेबांना म्हटलं — हौदाचं झाकण घट्ट बसवू, आतली हवा पंख्याने ओढून कोळशाच्या पिंपातून सोडू, कोळसा वास पिऊन टाकतो.
"शाळा किती?"
"सातवी."
"पास?"
सगळे फिदीफिदी हसले. नापासाला नाक नसतं काय!

५ फेब्रुवारी
घरमालकीण म्हणते, तुझा वास जिन्यापर्यंत येतो, महिनाअखेर दुसरी खोली बघ. तीनदा साबण लावतो, बाई! आता काय सालटं काढून ठेवू?

९ फेब्रुवारी
साहेबांनी वैतागून हो म्हटलं — "कर एकदाचं, डोकं खाऊ नकोस." सुट्टी घालवून पिंप भरलं. फुसकं! वास जसाच्या तसा. लाथ घातली, अंगठा सुजला.
मामा बघत होते. नात्याचे नाहीत, हौदातला गाळ काढतात, सगळेच मामा म्हणतात. "अरे शहाण्या, एवढाले तुकडे? पाणी गाळायला चाळण घेतोस की खिडकी? कूट बारीक!"
दोघांनी मिळून कुटला. तोंडं काळी ठिक्कर.

१४ फेब्रुवारी
चाललं!! साहेब तीनदा हुंगून गेले. मोठ्या साहेबांना फोनवर म्हणाले, "माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं." माझ्या! रागाने हातातला पाना आपटला.
मामा म्हणाले, "नाव त्यांचं लागू दे रे. पोरगं तुझ्यावरच गेलंय."

१५ फेब्रुवारी
घरमालकीण जिन्यात भेटली. नाक दाबलं नाही. खोलीचा विषयही काढला नाही.

१८ फेब्रुवारी
झाकण उघडायचं, वास ओसरेपर्यंत बिडी ओढत लांब बसायचं, मगच शिडी लावायची — वीस वर्षं मामांची हीच रीत. यंत्र नाही, काही नाही, नाकावर सगळा भरवसा.
आज उघडलं तर वास नाही. वरची हवा पंखा ओढून घेत होता. "तुझ्या कृपेने बिडी वाचली," म्हणत उतरले. खाली गाळ ढवळला आणि तिथेच कोसळले. दोरीने वर ओढलं. श्वास आहे, शुद्ध नाही.
डॉक्टर मला विचारतात, "इतका विषारी वायू, यांना वास कसा आला नाही?"
मी घालवला होता.