कानातले पिवळे बिल्ले

आदरणीय अण्णाराव दाजी यांना बिरप्पाचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहेत असं आधी लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ते खरं नाही हे पुढे कळेलच. तुमचा गुडघा कसा आहे? अक्काचा खोकला थांबला का? पुण्यात पोराच्या घरी सातव्या मजल्यावर तुम्हाला झोप लागत नाही, असं तिनं केराबाईला सांगितलं. (आमच्या मंडळींना दुसऱ्याच्या झोपेची फार काळजी. शेजारी नवऱ्याची उडाली आहे ती दिसत नाही.) फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही पहिल्या वाक्यालाच "मी काय सांगितलं होतं?" असं विचारता आणि माझं पुढचं सगळं राहून जातं. पत्र वाचताना तुम्ही विचारलंत तरी मला ऐकू येणार नाही.

तुम्ही काय सांगितलं होतं ते मला पाठ आहे. उभी नोकरी तुम्ही आधी कोल्हापूर, मग सोलापूर करत विद्यापीठाच्या संलग्नता विभागात काढलीत. ऋतुजा बारावी झाली तेव्हा आमच्या ओट्यावर बसून तुम्ही मला विद्यापीठांचे प्रकार समजावलेत आणि मी ते मेंढरांवर घालून समजून घेतले. सरकारी विद्यापीठ म्हणजे शंभर ठिकाणी चरणारी खांडं, शंभर कळप. प्रत्येक कॉलेजचा मालक वेगळा, रान वेगळं, पण कानावरची खूण एकच, म्हणजे परीक्षा आणि पदवी एका जागेची. अभिमत म्हणजे एखादी संस्था वाढून दांडगी झाली की केंद्र सरकारनं तिला विद्यापीठाचा मान देणं. खासगी विद्यापीठाला विधिमंडळात स्वतःचा कायदा लागतो. ते आपल्या वाघरीत, आपल्या जाळीच्या कुंपणात, आपलीच मेंढरं ठेवतं, दुसऱ्याच्या कॉलेजला खूण मारायची त्याला परवानगी नाही. आणि या सगळ्यांवर दिल्लीचा अनुदान आयोग. तुम्ही मान हलवून म्हणालात की इतकं तर आमच्या विभागातल्या साहेबांनाही कळत नव्हतं. ते कौतुकच माझ्या अंगाशी आलं.

कारण पुढं तुम्ही असंही म्हणाला होतात की सरकारी विद्यापीठात राज्यपाल कुलपती, खाली कुलगुरू, मग अधिसभा, विद्यापरिषद, अभ्यासमंडळं. निकालाला उशीर होतो खरा, पण एखाद्याला खोटं करायचं असेल तर इतक्या सह्या लागतात की माणूस कंटाळून खरंच करून मोकळा होतो. हे मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. आमच्या गावापासून दोन कोसांवर नवं खासगी विद्यापीठ झालेलं. (नाव लिहीत नाही. पत्र पोस्टातून जातं.) तिथे पशुपालनाची पदवी. ऋतुजाला तेच शिकायचं होतं, आणि रोज संध्याकाळी लेक घरी येणार, यापुढे मला काही सुचलं नाही. तरी तुमचं ऐकून मी प्रवेशाच्या खिडकीवर कायद्याची प्रत मागितली. तिथल्या बाईंनी मला दोनदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत नेऊन भिंतीवर काचेत लावलेलं सरकारी राजपत्र दाखवलं. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, शिक्का बघितला, आणि बाजारात मेंढ्याचे दात बघून समाधान व्हावं तसं माझं समाधान झालं. कायदा खराच होता दाजी. पण कानाच्या खुणेवरून मालक कळतो, मेंढरू पोटभर चरलंय का ते कळत नाही, एवढं माझ्या बापाला कळत होतं आणि मी त्या दिवशी विसरलो.

आतला कारभार मला हळूहळू कळला. संस्थापक स्वतः कुलपती, थोरला मुलगा उपाध्यक्ष, सून परीक्षांचं बघणार, जावई इमारतींचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या वाड्यावरही असंच आहे. मी नावाला प्रमुख आणि कुठली मेंढी कधी विकायची ते केराबाई ठरवते. पण आम्ही पदव्या देत नाही. ऋतुजा दीड वर्ष तिथे मेंढी फळ्यावर शिकली. घरी आल्यावर ती मला मेंढीच्या चार पोटांची इंग्रजी नावं सांगायची आणि मी तिला मेंढी दाखवायचो.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात त्यांचे बिभीषण सर (श्रीपूरकडचे, उसाच्या मुलखातले, मेंढराला भिऊन दहा हात लांब उभे राहतात) वाड्यावर आले आणि म्हणाले, "बिरप्पा, तुमचं खांड आठ-दहा दिस आमच्या रानात बसवा की." माझा ऊर भरून आला. आपण पिढ्यानपिढ्या लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतो. त्याबद्दल शेतकरी ज्वारी देतो, चहा देतो, कुरकुर करतो. पण विद्यापीठाला आपल्या लेंड्यांची किंमत कळावी, हे मी बघेन असं वाटलं नव्हतं. ज्वारीचं विचारलंही नाही. लेकीचं विद्यापीठ, त्याच्या रानाला खत आपणच द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या मेंढरांच्या कानात पिवळे बिल्ले ठोकले. मला वाटलं, सरकारी लस असेल. मला खाकी कोट दिला, खिशावर विद्यापीठाचं नाव. मला वाटलं, थंडी आहे म्हणून. सर म्हणाले, पाहुणे येणार आहेत, कुणी काही विचारलं तर माझ्याकडं बोट करा. मला वाटलं, शिकलेल्या माणसाचा मान. ऋतुजा मधल्या सुट्टीत धावत आली आणि म्हणाली, "बा, तुमी हितं कशाला आलाय?" मी तिला खताचं सविस्तर सांगितलं. ती बिल्ल्यांकडं बघत राहिली आणि वर्गात गेली. मला वाटलं, तासाला उशीर होतोय. (दाजी, त्या आठवड्यात मला किती काय काय वाटलं याची मीच पुढे मोजदाद केली, तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही.)

आठव्या दिवशी आयोगाची समिती आली. स्वागताला रांगोळी, आंब्याच्या पानांचं तोरण. आमच्या माडग्याळी जातीच्या मेंढ्यानं निम्मं तोरण खाल्लं, ते एका दृष्टीनं बरंच झालं, कारण उरलेल्या गोष्टींपेक्षा तेच सगळ्यांच्या जास्त लक्षात राहील असं मला वाटतं. समितीत रुद्राणी मॅडम म्हणून धारवाडकडच्या वयस्कर बाई होत्या. बाकीचे कागद बघत राहिले. त्या चिखलातून सरळ माझ्याकडं चालत आल्या. मी नमस्कार केला आणि सांगितल्याप्रमाणं सरांकडं बोट करायला हात उचललाच होता, तेवढ्यात बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, "कुरी यारवु?" मेंढरं कुणाची? दाजी, माझी आई गेल्यापासून मला तो प्रश्न त्या भाषेत कुणी विचारला नव्हता. हात खाली आला आणि मी म्हणालो, "नम्मवु री." आमचीच की. मग माझी गाडी सुटली. आजोबांपासूनची वंशावळ सांगितली, बिल्ला बाजूला करून कानावरची आपली खाच दाखवली, आठ दिवस झाले बसवून, परवा उठणार, पुढं भीमेकाठी जाणार, सगळं सांगितलं. बिभीषण सरांना कन्नड येत नाही. ते शेजारी उभे राहून माझ्या प्रत्येक वाक्याला हसून मान डोलावत होते.

अहवालात काय आलं ते तुम्ही ओळखलं असेल. पशुपालन विभागाकडं स्वतःचं एकही जनावर नाही, सबब अभ्यासक्रम थांबवावा. ऋतुजासकट चाळीस मुलं आता मध्येच लोंबकळत आहेत. दुसरीकडं जाता येतं म्हणतात; दीड वर्षाचे श्रेयांक कुठल्याशा बँकेत जमा आहेत म्हणे. शाखा कुठं आहे विचारलं तर शाखाच नाही म्हणाले. लेकीनं पहाटे उठून अभ्यास केला, आणि बापानं एका सकाळी तोंड उघडून त्यावर पाणी फिरवलं. मला राहून राहून तेच दिसतं. अहवाल आला त्या दिवसापासून सहा दिवस झाले, ऋतुजा माझ्याशी बोलत नाही. ताट समोर ठेवते आणि आत जाते. मी बोट केलं असतं तर काय बिघडलं असतं, असं रोज सकाळी वाटतं. खोटं बोलायचं नव्हतंच, नुसतं बोट करायचं होतं. अक्काला नमस्कार, नातवाला पापा.

आपला,
बिरप्पा

ता. क. सरकारी विद्यापीठाच्या कॉलेजात ऋतुजाला दुसऱ्या वर्षाला घेतील का, त्याचा अर्ज कसा करायचा, ते लिहून कळवा. जमल्यास स्वतः सोलापूरला या. तिथल्या विद्यापीठाच्या खिडकीवर तुम्हाला अजून कुणीतरी ओळखत असेल. गुडघ्यासाठी आमच्याकडं लोकरीचा पट्टा आहे.

ता. क. दुसरा. खरं तर अर्जासाठी पत्र लिहिलेलं नाही. अर्ज ती माझ्यापेक्षा चांगला लिहील. तुम्ही तिला एक फोन करा. तुमचं ती ऐकते. तिला एवढंच सांगा की तुझा बाप बावळट असेल, पण त्यानं जाणूनबुजून तुझं वाटोळं केलं नाही.

ता. क. तिसरा. फोन करू नका. पुण्याचा पिनकोड घालायला पत्र ऋतुजाकडं दिलं होतं. तिनं सगळं वाचलं. मग सहा दिवसांनी बोलली. म्हणाली, "बा, मी रागानं गप न्हवते. मला तोंड दाखवायची लाज वाटत हुती." बिल्ले बघितले त्याच दुपारी तिनं आयोगाकडं तक्रार पाठवली होती, स्वतःच्या नावानं, आपलं वर्ष जाईल हे ठाऊक असून. खाली लिहिलं होतं की माझे वडील मेंढरांजवळच असतील, त्यांना विचारा. मात्र मराठीत विचारू नका, मराठीत ते सरांचा मान राखतील. कन्नडमध्ये विचारा.