आबांचा दगड

आणे, ता. जुन्नर
डिसेंबर २००६

प्रिय कुंडलिक,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले, त्यातून फार अर्थ काढू नकोस. अर्थ काढायची तुला भारी खोड. फोनच केला असता, पण फोनवर तू "आक्का, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतोस, आणि या खेपेला मला शेवटपर्यंत बोलायचंय. म्हैस व्याली, कांद्याला पाणी चालू आहे, माझे गुडघे दुखतायत. यातलं तू काहीच विचारणार नाहीस. माळावरचे दगड कसे आहेत एवढं विचारशील. त्यांचंच सांगायला बसलेय.

लहानपणापासून त्या गोल मांडलेल्या दगडांनी तुला झपाटलंय. कॉलेजात गेलास आणि सांगायला लागलास, की हा जुन्या माणसांचा गुरांचा वाडा, दगडांच्या मध्ये लाकडं रोवलेली असणार, ती कुजली. मग एम.ए. झालास तर म्हणे हे थडगं, मध्ये दगडांचा ढीग होता, बाहेरून आणखी एक रिंगण होतं, ते लोकांनी बांधाला नेलं. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आरं, ती पंगत बसलीया. वाढपी यायचा व्हता, आला न्हाई." तू खो खो हसायचास. तेव्हा तुझं ते हसणं मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. तुझे ते दोन्ही तर्क खरे असतील, नसतील, मला त्यांचं वावडं नव्हतं. तिसरा मात्र तू ज्या दगडावर उभा केलास, तो आपला बाप आहे रे!

एक्क्याण्णव साली आबा गेले. माळाच्या उगवतीला, आपल्याच वावरात त्यांना अग्नी दिला. मी तेव्हा सासरी शिनोलीला नांदत होते, तिथली माणसं घेऊन आले होते. आई म्हणाली, ज्या दगडाला पाठ टेकून ते दुपारची भाकर खायचे, तोच त्यांच्या जागेवर लावा. संपतची बैलं, दोर, दोन पहारी, आणि पुढं तू. दगड उलटताना तुझं बोट सापडलं. डाव्या हाताकडं बघ आत्ता, नख अजून वाकडं आहे. रिंगणात मोकळी जागा पडली ती त्या दिवशी.

आणि दोन वर्षांमागं तू काय छापलंस? ती मोकळी जागा म्हणजे रिंगणाचं मूळ दार, आणि समोरचा एकटा दगड म्हणजे 'सूचक शिळा'. वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी दारातून पाहिलं, की सूर्य बरोबर तिच्या डोक्यावर उगवतो. उगवत असेल. आबांच्या डोक्यावर तो रोजच वावरात उगवायचा. मी जाब विचारला तर म्हणालास, "दगड तर जुनाच आहे ना आक्का!" वा रे विद्वान! मग भोवती तार ठोकलीस, तीन हजार वर्षांची पाटी लावलीस. सर्वपित्रीला आई नैवेद्य घेऊन गेली ती तारेबाहेरच उभी राहिली. हात आत घालून पान ठेवताना तिचं लुगडं फाटलं. तुला कळवू नको म्हणाली, "त्याला लई कामं असत्यात."

तिचं मागणं एकच होतं, मला त्यांच्या शेजारी ठेवा. गेल्या महिन्यात ती गेली. तू आलास, रडलास, ते मी पाहिलं, नाही म्हणत नाही. डोळे पुसलेस आणि गावासमोर म्हणालास, त्या वावरात जाळ करू नका, तिथल्या मातीतला जुना कोळसा तपासायचाय, नवी राख मिसळली की सगळं वाया. आईची राख तुला भेसळ वाटली, कुंडलिक! पोराचा शब्द म्हणून गावानं तिला ओढ्याकाठी नेली.

दहाव्याला पिंड ठेवला, कावळे झाडावर बसून राहिले, एक खाली येईना. सगळी भावकी तुझ्या तोंडाकडं बघत होती. "आई, तुझा दगड आबांच्या शेजारी लावतो", एवढंच म्हणायचं होतं. गेणभाऊंनी तर तुला कोपरानं ढोसलं. तू घड्याळ बघितलंस, आणि भटजींना दर्भाचा कावळा करायला सांगितलास. गवताचा कावळा शिववून जन्मदात्या आईला वाटेला लावलंस आणि चारच्या गाडीला हजर झालास. त्या दिवशी मी गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर हातही उचलला असता.

आता पत्राचं कारण. येत्या रविवारी तू दिल्लीचे पाहुणे घेऊन तुझं दार आणि तुझी शिळा दाखवायला येतोयस, असं कळलं. काल मी, संपत, गेणभाऊ आणि भावकीतली चार माणसं तार कापून आत गेलो. आबा जेवायचे तेव्हा आई त्यांच्या बाजूच्या दगडाशी बसायची. तो रिंगणातून काढला आणि आबांच्या शेजारी उभा केला. ओढ्यावरची मूठभर राख मी जपून ठेवली होती, ती खाली घातली. घे, मिसळली. आता तुझ्या रिंगणाला दुप्पट दार झालंय आणि सूचक शिळा दोन आहेत. पाहुणे विचारतीलच. हवं तर चौथा तर्क मांड, नाहीतर ते वाकडं नख दाखवून सांग, की हे माझे आबा आणि ही माझी आई. काय करायचं ते कर, पण माझ्यासमोर कर, मी तिथंच उभी असेन. दगड लावून झाल्यावर पानावर दहीभात ठेवला होता. कावळा शिवला का नाही, ते तुला सांगणार नाही.

तुझीच, अजून तरी,
आक्का